परत घेतलेले पॅच

२ एप्रिल २०१८ रोजी सायमन रिग्ज यांनी पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या मूळ कोडमध्ये ‘मर्ज’ ही नवी आज्ञा दाखल केली. बारा तारखेला त्यांनीच ती काढून टाकली. मधल्या दहा दिवसांत कुणाची बँक बंद पडली नव्हती की कुणाचा डेटा गेला नव्हता. ज्या अकराव्या आवृत्तीसाठी हे चाललं होतं, ती लोकांच्या हाती पडायला अजून सहा महिने होते. आज्ञाही काही टाकाऊ नव्हती. गोदामात आलेल्या मालाची यादी जुन्या साठ्याशी ताडायची, जो माल आधीच आहे त्याचा आकडा वाढवायचा, जो नाही त्याची नवी ओळ घालायची, हे सगळं एका वाक्यात सांगण्याची ती सोय. ओरॅकलमध्ये ती २००१ पासून होती, एसक्यूएलच्या २००३ च्या मानकातही होती. तरी इतर जाणत्यांनी हरकत घेतली. हरकतीचा मथितार्थ असा, की काम होतंय पण कोडमध्ये ते भलत्या जागी बसवलंय, आणि आज चालवून घेतलं तर पुढे प्रत्येकाला ते निस्तरत बसावं लागेल. रिग्ज यांनी पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, मागे घेतला. तीच आज्ञा नव्याने बांधून २८ मार्च २०२२ रोजी आत आली आणि त्या वर्षीच्या १३ ऑक्टोबरला पंधराव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली. दहा दिवसांची नामुष्की आणि चार वर्षांचा विलंब, असा हा हिशेब.

पोस्टग्रेसची नवी आवृत्ती दर वर्षी साधारण याच दिवसांत येते. २०२५ ची अठरावी २५ सप्टेंबरला, ऐन नवरात्रात आली. बातम्या नेहमीप्रमाणे ‘नवीन काय’ या मथळ्याच्या होत्या: डिस्कवरून वाचताना वाट पाहत बसावं लागू नये म्हणून असिंक्रोनस वाचन, काळानुसार लावता येणारे यूयूआयडी, आणखी चारदोन गोष्टी. मला ही यादी फारशी उपयोगाची वाटत नाही. डेटाबेस निवडणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या आवृत्तीत जे आलं ते आत येण्याआधी कुणी वाचलं, आणि वाचून किती परत पाठवलं? ओपन सोर्स म्हणजे कुणीही येऊन काहीही जोडावं अशी एक समजूत आपल्याकडे आहे. भक्कम प्रकल्पांचा अनुभव नेमका उलटा आहे. जोडायला माणसं पुष्कळ मिळतात; जोडलेलं वाचून ‘हे असं नको’ म्हणणारी माणसं दुर्मीळ असतात, आणि प्रकल्प टिकतो तो त्यांच्यावर.

वेब ब्राउझरमध्ये किंवा फोटो सजवण्याच्या अ‍ॅपमध्ये ढिसाळ पॅच गेला, तर स्क्रीन गोठते, माणूस चरफडतो, अ‍ॅप बंद करून परत उघडतो. डेटाबेसचं तसं नाही. लक्ष्मीपूजनाला ज्या वह्या मांडल्या जातात, त्यांचं जुनं शास्त्र इथे तंतोतंत लागू पडतं. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत जसा घडला तसा लिहायचा, आणि तिथून सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी फाटली तर रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. पोस्टग्रेसमध्ये ‘राइट-अहेड लॉग’ म्हणतात तो म्हणजे ही रोजकीर्द, आणि टेबलं म्हणजे खतावणी. आता कल्पना करा, की मुनीमजींच्या हातून चार महिन्यांपूर्वी एक रक्कम भलत्या खात्यावर चढली आणि त्यानंतरचं सगळं त्या चुकीवर रचत गेलं. वही उघडते, बेरजा होतात, काही बिघडल्यासारखं दिसत नाही. डेटाबेसच्या वाईट बगांची जात हीच. ते सर्व्हर पाडत नाहीत. पाडले तर बरं, निदान कळतं तरी. ते गुपचूप चुकीचं उत्तर देतात, आणि तोवर बॅकअपमध्येही तेच चुकीचं उत्तर जाऊन बसलेलं असतं. म्हणून या क्षेत्रात सावकाशपणाला मी दोष मानत नाही.

पॅच वाचणं म्हणजे काय, ते एका कामावरून चांगलं दिसतं. पोस्टग्रेस नोंद बदलताना जुनी नोंद खोडत नाही. बदललेली नोंद नव्या जागी लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण त्याच क्षणी दुसरा कुणी ती वाचत असू शकतो. नंतर ‘व्हॅक्यूम’ नावाची झाडलोट येऊन मेलेल्या नोंदी उचलते. यात एक जाच होता. टेबलावर पाच इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधायच्या सूची, असतील आणि तुम्ही फक्त ग्राहकाची शिल्लक बदलली, जिच्यावर एकही इंडेक्स नाही, तरी नोंदीची जागा बदलल्यामुळे पाचही इंडेक्समध्ये नवी ओळ घालावी लागे. एन्टरप्राइझडीबी या कंपनीत तेव्हा असलेले पवन देवलसी यांनी यावर ‘हॉट’ नावाचा उपाय आणला (या कंपनीचं पुण्यात कार्यालय आहे). इंडेक्समधला कुठलाच रकाना बदलला नसेल आणि आठ किलोबाइटच्या त्याच पानावर जागा शिल्लक असेल, तर नवी नोंद तिथेच ठेवायची, जुन्या नोंदीवरून नवीकडे बोट दाखवायचं आणि इंडेक्सला हातच लावायचा नाही. ऐकायला दोन वाक्यांचं काम. प्रत्यक्षात कल्पनांवर अनेकांचे हात फिरले, पोस्टग्रेसचे जुनेजाणते टॉम लेन यांनी सप्टेंबर २००७ मध्ये ते आत घेतलं आणि फेब्रुवारी २००८ च्या ८.३ आवृत्तीत ते आलं. कोडबरोबर या युक्तीचं सविस्तर टिपण वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे. आजही मूळ कोड उतरवून घेतला तर ती फाइल मिळते. इतक्या वर्षांनंतरही जगभरच्या पोस्टग्रेस सर्व्हरांवर रोज होणाऱ्या असंख्य बदलांचा भार या युक्तीने हलका होतो आहे, आणि वापरणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं.

याच देवलसींनी २०१६ पासून पुढची पायरी मांडली. एखाद्या इंडेक्समधला रकाना बदलला असला, तरी बाकीच्या इंडेक्सना त्रास पडू नये, अशी ‘वॉर्म’ नावाची योजना. ती दहाव्या आवृत्तीत येईल असं वाटत होतं. आली नाही, अठराव्या आवृत्तीतही नाही. नोंदी डिस्कवर मांडण्याच्या मूळ पद्धतीत इतका खोल बदल करायचा आणि तो चुकला तर लोकांचा डेटा सडेल, ही भीती वाचणाऱ्यांच्या मनातून गेली नाही. इथवर ही एका नाकारलेल्या पॅचची साधी गोष्ट आहे. पण वॉर्मची कसून चाचणी करताना देवलसींना इंडेक्स आणि टेबल यांचा मेळ कुठेतरी बसत नाही असं दिसलं. शोध घेतला तर दोष वॉर्मचा नव्हताच. टेबल चालू ठेवून इंडेक्स बांधण्याची जी जुनी सोय, तिच्यात एक फट आधीपासून होती: इंडेक्स बांधला जात असतानाच कुणी नोंद बदलली, तर क्वचित तिची इंडेक्समधली ओळ चुकीची पडे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९.६.२ सह त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांत ही फट बुजवली गेली. जो पॅच कधी आत आलाच नाही, त्याने आतल्या कोडचं असं भलं केलं. वाचन वाया जात नाही, ते असं. आणि वर सांगितलेल्या ‘मर्ज’च्या मानकऱ्यांतही, २०१८ ला आणि २०२२ ला, देवलसींचं नाव आहे. एकाच अभियंत्याच्या तीन कामांची तीन प्रारब्धं.

हे वाचन कसं होतं, तेही थोडक्यात सांगायला हवं. वर्षातून पाच वेळा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये, एक महिना नवं लिहिणं बाजूला ठेवून आलेले पॅच तपासायचे असा रिवाज आहे. त्याला ‘कमिटफेस्ट’ म्हणतात. २००८ पासून तो चालू आहे. त्यातला एक संकेत मला फार शहाणपणाचा वाटतो: तुम्ही एक पॅच पाठवलात, तर तितक्याच अवघड अशा दुसऱ्या कुणाच्या पॅचची तपासणी तुम्ही करावी. म्हणजे देणं फेडल्याशिवाय मागणं नाही. शेवटी कोडमध्ये प्रत्यक्ष हात घालण्याचा अधिकार जगात सुमारे तीसच जणांना आहे. त्यांनी एखादी गोष्ट आत घेतली, की स्वयंसेवकांनी आपापल्या घरी-कार्यालयात चालू ठेवलेली यंत्रं, वेगवेगळ्या बनावटीची आणि वयाची, ती आपणहून बांधून चालवून पाहतात. या यंत्रांना प्राण्यांची नावं देण्याची पद्धत आहे. कुठल्या तरी कोपऱ्यातलं जुनाट ‘जनावर’ आजारी पडलं, की पॅच घेणाऱ्याला रात्री जागून उत्तर द्यावं लागतं.

आता शेजारच्या घरात पाहू. मायएसक्यूएल एके काळी वेबसाइटवाल्यांचा पहिला पर्याय होता, आणि त्याच्याकडेही बाहेरून येणाऱ्या पॅचना तोटा नव्हता. गूगलने २००७ मध्ये आपले पॅच उघड केले. त्यात एक सर्व्हर पडला तरी दुसऱ्याकडे नोंद पोचल्याची खात्री देणारी ‘सेमी-सिंक’ प्रतिकृती होती, कोणतं टेबल किती वापरलं जातं याची मोजदाद होती. पर्कोना ही २००६ ला निघालेली सल्लागार कंपनी आपले पॅच घालून सर्व्हर बांधू लागली आणि डिसेंबर २००८ मध्ये तिने एक्स्ट्राडीबी हे सुधारलेलं स्टोरेज इंजिन जाहीर केलं. यातलं पुष्कळसं उत्तम दर्जाचं होतं. मग ते थेट आत का गेलं नाही? कारण मायएसक्यूएलला मालक होता. कंपनी तोच कोड लोकांना जीपीएल या खुल्या परवान्याखाली फुकट आणि व्यापाऱ्यांना पैसे घेऊन दुसऱ्या परवान्याखाली देत असे. हा दुहेरी धंदा चालवायचा तर कोडच्या प्रत्येक ओळीवर आपला हक्क हवा. बाहेरच्याने पॅच द्यायचा तर हक्काच्या कागदावर सही करायची. पोस्टग्रेसच्या परवान्यात असा मालकच नाही, त्यामुळे त्या कोडवर कुणाचा धंदा अडलेला नाही. जानेवारी २००८ मध्ये सनने मायएसक्यूएल १ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं, जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली, आणि दरम्यान मूळ निर्माते माँटी विडेनियस यांनी मारियाडीबी ही वेगळी चूल मांडली. गूगलच्या सेमी-सिंकची कल्पना अधिकृत मायएसक्यूएलमध्ये आली ती डिसेंबर २०१० च्या ५.५ आवृत्तीत.

यावर कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? घरातल्या मोठ्याने ऐकलं नाही म्हणून धाकट्याने वेगळं दुकान काढलं, गिऱ्हाइकाला दोन दुकानं मिळाली. या युक्तिवादात तथ्य आहे. पर्कोनाच्या पॅचमुळे अनेकांचे मंदावलेले सर्व्हर वर्षानुवर्षं आधी सुधारले, आणि पैसे मोजणाऱ्यांसाठीच ओरॅकलने राखून ठेवलेली ‘थ्रेड पूल’ची सोय मारियाडीबीने सगळ्यांना मोकळी दिली. वेगळं होण्याचा हक्क ही ओपन सोर्सची शेवटची ढाल आहे, ती असायलाच हवी. पण ढाल रोज वापरायची वस्तू नव्हे. दोन चुली झाल्या की वाचणारे विभागतात. व्यवहारांना क्रमांक देण्याची जीटीआयडी पद्धत मायएसक्यूएलने २०१३ मध्ये ५.६ ला आणली आणि मारियाडीबीने २०१४ मध्ये १०.० ला, दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हापासून एका घरातून दुसऱ्या घरात जाणं म्हणजे नुसतं दार उघडणं राहिलं नाही. एकच प्रश्न दोनदा, दोन गटांनी, अर्ध्या अर्ध्या मनुष्यबळावर सोडवला. ही किंमत आवृत्तीच्या घोषणेत कुठे छापलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. इतकं वाचन असूनही पोस्टग्रेसमध्ये भयंकर चुका झाल्याच ना? झाल्या, आणि त्या लपवून माझा मुद्दा उभा राहणार नाही. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत कुलुपांच्या नव्या पद्धतीबरोबर आलेल्या दोषांनी डेटा गेला. निस्तरणं इतकं लांबलं, की मे-जून २०१५ मध्ये तीन आठवड्यांत तीन सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या, कारण पहिल्या सुधारणेने काही सर्व्हर सुरूच होईनात. त्याहून बोचरं प्रकरण ‘एफसिंक’चं. रोजकीर्द आणि खतावणी खरोखर डिस्कवर उतरली का, हे डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. उत्तर ‘नाही’ आलं, की पोस्टग्रेस थोड्या वेळाने पुन्हा विचारी. मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेसवर काम करणारे क्रेग रिंगर यांनी दाखवून दिलं, की लिनक्स एकदा ‘नाही’ म्हटल्यावर न उतरलेली पानं उतरली असंच समजून मोकळा होतो आणि दुसऱ्यांदा विचारलं की ‘हो, झालं’ सांगतो. पोस्टग्रेस त्या ‘हो’वर विश्वास ठेवून रोजकीर्दीचा तो भाग निकालात काढी. वीसेक वर्षं हे चाललं आणि एकाही वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारणेपासून पहिलाच ‘नाही’ ऐकला, की सर्व्हर स्वतःला पाडून घेतो आणि रोजकीर्दीवरून पुन्हा उभा राहतो.

म्हणजे वाचनाने चुका टळतात असा दावा मला करायचा नाही. दावा एवढाच, की ज्या प्रकल्पाला स्वतःला ‘नाही’ म्हणायची सवय असते, त्याला स्वतःची चूकही उघड मोजता येते. जून २०२२ मध्ये चौदाव्या आवृत्तीत इंडेक्स सडवणारा दोष सापडला, तेव्हा ठरलेल्या तिमाहीची वाट न पाहता १४.४ काढली गेली. कोणत्या आज्ञेने बांधलेले इंडेक्स संशयित, ते तपासायचे कसे, पुन्हा बांधायचे कसे, हे सगळं सोबत दिलेलं होतं. ओरॅकलनेही त्याच वर्षी मायएसक्यूएल ८.०.२९ अशाच गंभीर दोषापायी मागे घेतली, तसं स्पष्ट लिहून. तेव्हा प्रामाणिकपणा एकाच अंगणात वाढतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. फरक पडतो तो त्याआधी: पोस्टग्रेसमधला वाद, हरकती, चुकीचा पहिला प्रयत्न, हे सगळं कुणालाही मागे जाऊन वाचता येतं. ओरॅकलच्या भिंतीआड आधी काय बोलणं झालं, ते आपल्याला पोचत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये हात घालणारे ते तीस जण काही साधू नाहीत; बहुतेकांचा पगार कुठल्या ना कुठल्या कंपनीकडून येतो. मग ओपन सोर्सवाल्यांचा ‘समाज’ हा शब्द म्हणजे नुसती रांगोळीच का? इथे एक घडलेली गोष्ट पुरेशी बोलकी आहे. २०२० च्या सप्टेंबरअखेर एन्टरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही कंपनी घेतली आणि प्रकल्पाच्या पाच जणांच्या गाभा समितीतले तिघं अचानक एकाच मालकाचे नोकर झाले. कुठल्याही एका कंपनीचे निम्म्याहून जास्त सदस्य असू नयेत, असा अलिखित दंडक होता. काही आठवड्यांत समिती सात जणांची करण्यात आली आणि प्रमाण तीन विरुद्ध चार झालं. आता पैसा आणखी मोठ्या लोंढ्याने येतो आहे: २०२५ मध्ये डेटाब्रिक्सने निऑन ही पोस्टग्रेसवर उभी असलेली कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं, पाठोपाठ स्नोफ्लेकने क्रंची डेटा ही तशीच कंपनी घेतली. दंडक पुन्हा कसाला लागणार, यात मला शंका नाही. पण निदान तो आहे, आणि एकदा तरी पाळला गेला आहे.

सावकाशपणाची खरी दुखरी बाजू वेगळीच आहे. अठराव्या आवृत्तीतल्या असिंक्रोनस वाचनाचा आराखडा आंद्रेस फ्रॉइंड यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला होता. दोन नोंदींचा काळ एकमेकांवर येऊ नये ही अट सतराव्या आवृत्तीसाठी आत आली, मे २०२४ मध्ये काढली गेली आणि आता अठराव्यात परतली. ही रखडपट्टी काही वेळा शहाणपणाची असते, पण पुष्कळदा तिचं कारण एवढंच असतं, की वाचायला माणूस नसतो. चांगले पॅच एका कमिटफेस्टमधून दुसऱ्यात ढकलले जातात, लिहिणारा कंटाळून निघून जातो. (हेच फ्रॉइंड मार्च २०२४ मध्ये एका चाचणीयंत्रावरचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा का होतंय याच्या मागे लागले आणि त्यातून एक्सझेड या लिनक्समधल्या सर्वदूर वापराच्या साधनात पेरलेला चोरदरवाजा जगासमोर आला. इतका बारीक कान असलेली माणसं घडायला वेळ लागतो आणि ती विकत मिळत नाहीत.)

इथे आपला संबंध येतो. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामासाठी ओपन सोर्सला अग्रक्रम देण्याचं धोरण काढलं. पुण्यात, मुंबईत, नागपुरात या डेटाबेसवर पोट असणारे अभियंते भरपूर आहेत. फुकट मिळतं म्हणून घेणं आणि अडलं की तक्रार करणं, इथवर आपली मजल गेली आहे. नवं लिहिण्याची घाई कुणी करू नये. त्याला रांग लागलेलीच आहे. दुसऱ्याचा एखादा छोटा पॅच आपल्या यंत्रावर बांधून, मोडून, कुठे मोडला ते नीट लिहून पाठवणं, याला कुणाची परवानगी लागत नाही आणि याचीच तिथे सगळ्यात जास्त टंचाई आहे. नोव्हेंबरचा कमिटफेस्ट दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो.

तेवढी सवड नसेल, तर निदान इतकं करावं. पोस्टग्रेसच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं पॅच मिळतात. तेराव्या आवृत्तीचा अखेरचा १३ नोव्हेंबर २०२५ ला ठरला होता. मायएसक्यूएल ८.० च्या आधाराची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. आपल्या संस्थेतला, पतपेढीतला, दवाखान्यातला सर्व्हर कोणत्या आवृत्तीवर चालतो आहे, हे दोन्हीकडे ‘सिलेक्ट व्हर्जन’ या एकाच ओळीने कळतं. पाडव्याला नवी वही उघडण्याआधी ती ओळ एकदा चालवून पाहा.